भुसा ओढणाऱ्या यंत्राची गळती

गावच्या सुतारकामात आता वाकस आणि हातरंधा एवढ्यावर भागत नाही. गोल करवत आली, रंध्याचे यंत्र आले, पॉलिशपेपरचे यंत्र आले. आणि त्यांच्यापाठोपाठ भुसा ओढून घेणारे यंत्रही पुष्कळ ठिकाणी आले. मोटारीवर फिरणारा पंखा, त्याला जोडलेली चार इंची नळी आणि वर-खाली दोन पिशव्या, असा त्याचा साधा संसार. नवे असते तेव्हा ते रंध्याच्या साली कशा सपासप ओढते! वर्षभराने मात्र तक्रार सुरू होते, "यंत्र ओढत नाही हो." मग कोणी म्हणतो मोटार कमी पडली, कोणी म्हणतो मोठे यंत्र घ्या. माझे म्हणणे असे, की पैशाच्या पिशवीला हात घालण्याआधी एक तास नळीच्या सांध्यांना द्या.

यात नुसत्या झाडलोटीचा प्रश्न नाही. जमिनीवर पडतो तो भुसा जाडा, तो केरसुणीने निघतो. खरा वैरी डोळ्यांना न दिसणारा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगते आणि थेट छातीत उतरते. इंग्लंडात हाय विकम हे खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यांचे गाव. तिथल्या सुतारांत नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग फार आढळतो, हे एस्मी हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या शल्यवैद्य बाईंच्या ध्यानी आले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ते जगापुढे मांडले. पुढे १९९५ साली कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. आपल्या सागाच्या आणि शिसवीच्या भुशाने अंगाला खाज सुटते, हे तर सुताराला कोणी सांगायला नको. शाळेच्या कार्यशाळेत चाळीस मुले उभी असतात, तिथे शिक्षकाची जबाबदारी आणखी मोठी.

गळती शोधण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. पंखा सरळ फिरतो की उलटा? तीन फेजच्या मोटारीत, खांबावर दुरुस्ती झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले तर पंखा उलटा फिरू लागतो. गंमत अशी की हा पंखा उलटा फिरला तरी ओढतोच, फक्त मिळमिळीत ओढतो. म्हणून कोणाला शंका येत नाही. यंत्राच्या अंगावर बाण असतो. बटण बंद करून पंखा थांबत आला की बाणाशी ताडून पाहा. उलटा असेल तर वायरमनला बोलवा, दोन तारा बदलल्या की काम झाले.

आता गळतीकडे येऊ. पंख्याच्या अलीकडची नळी हवा आत ओढते. तिथे फट असली तर धूळ बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा फुकट आत शिरते. म्हणून ही गळती दिसत नाही. पंख्याच्या पलीकडे, पिशव्यांच्या बाजूला हवा बाहेर ढकलली जाते. तिथली फट भुशाची बारीक पिचकारी मारते आणि जवळच पांढुरकी रेघ उमटवते. ही चटकन सापडते. पण यंत्राचे बळ खाणारी गळती पहिली.

केवढे बळ खाते, त्याचा हिशोब शिक्षकांनी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. १०० मिलिमीटर नळीची पोकळी सुमारे ७,८५० चौरस मिलिमीटर. एका सांध्याभोवती एक मिलिमीटरची फट राहिली तर तिचे क्षेत्रफळ ३१४ च्या आसपास, म्हणजे पंचविसावा हिस्सा. असे पाच सांधे असले की पाचवा हिस्सा गेला! आणि पंख्याजवळ ओढ सर्वांत जास्त, म्हणून तिथली फट तिच्या मापाहून अधिक हवा पिते. तेव्हा दुरुस्ती पंख्याच्या तोंडापासून सुरू करावी आणि नळीने मागे मागे करवतीकडे जावे.

शोधायचे कसे? सगळी झडपे बंद करून यंत्र चालू करा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोंबडीचे मऊ पीस किंवा काठीला बांधलेला सुताचा धागा फिरवा. जिथे तो नळीकडे झुकेल तिथे खडूने खूण करा. कित्येक जण उदबत्ती वापरतात; तिचा धूर फार छान दाखवतो हे खरे, पण वाळक्या भुशात निखारा नेण्याचा सल्ला मी देणार नाही. दुसरी युक्ती अंधाराची. यंत्र बंद करून, नळीत विजेरी ठेवून दिवे मालवा. जिथून उजेड डोकावेल तिथून हवाही जाते. मऊ, वेटोळ्याच्या नळीला पडलेली टाचणीएवढी भोके याने सापडतात. पिशवीकडच्या पत्र्याच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा, बुडबुडे स्वतःच सांगतील.

बहुतेक फटींचे मूळ मापात आहे. यंत्राचे तोंड असते १०० मिलिमीटरचे. नळी आणली जाते हार्डवेअरच्या दुकानातून, पाण्याची, ११० मिलिमीटरची. हे ११० म्हणजे बाहेरचे माप. हलक्या जातीच्या नळीची आतली पोकळी शंभराहून थोडी जास्त भरते. त्यामुळे तोंड आत जाते, पण खुळखुळते. मग कोणी चिकटपट्टीचे दहा वेढे मारतो. उन्हाळ्यात तिचा डिंक वाळतो आणि पट्टी गळून पडते. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तोंडावर ताणून गुंडाळा आणि वर नळी दाबून बसवा. लेथ असेल त्याने लाकडाचे कडे कातावे, आतून एक माप, बाहेरून दुसरे; याहून नेटके काही नाही, आणि सुताराला ते शोभतेही. तोंडच मोठे करायचे असेल तर पीव्हीसीचे टोक उकळत्या पाण्यात धरा. मऊ झाले की तेल लावलेल्या लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि गार पाणी ओता. आगीवर मात्र धरू नका. पीव्हीसी जळाला की त्यातून आम्लाचा विषारी धूर निघतो.

सांधा घालताना कौलांची आठवण ठेवा. वरचे कौल खालच्यावर येते म्हणून पाणी अडत नाही. तसेच हवा जिकडे जाते तिकडे आतल्या नळीचे टोक असावे. उलटे बसवले तर कडेला साली अडकतात आणि तुंबा होतो. कायमच्या सांध्याला सिलिकॉन लावा; साफ करायला उघडावा लागतो त्याला ट्यूबची पट्टी आणि स्क्रूचा पट्टा पुरे.

ज्यांनी पंख्याच्या आधी पिंप बसवले आहे, त्यांनी झाकण पाहावे. भोवऱ्यात फिरून भुसा पिंपात पडतो, आणि झाकणाच्या फटीतून आलेली हवा तोच भुसा उचलून वर फिल्टरकडे पाठवते. पिंप रिकामे आणि पिशवी भरलेली दिसली की ओळखा, दोष झाकणाचा. काठाला रबराची सलग पट्टी लावा, जोड एकच ठेवा.

पिशवीचा पट्टा आवळताना कापडाची जाड शिवण बकलाखाली येऊ देऊ नका. तिथे हमखास फट राहते. पत्र्याच्या काठाला नमद्याची पट्टी चिकटवली तर उत्तम.

"सगळी भोके बुजवली तर मोटारीवर ताण येईल," असे म्हणणारे भेटतात. या जातीच्या पंख्याचे उलटे आहे. हवा कमी वाहिली की त्याचे काम कमी होते आणि मोटार विजेचा प्रवाह कमी घेते. आवाज चढतो, त्याला ताण समजू नका. सगळी नळी काढून तोंड उघडे ठेवले तरच ती जास्त वीज खाते.

दुरुस्तीचा गुण आला की नाही हे मोजायला गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी पुरे. ती इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर ठोका, दोन्ही भुजा दीड-दीड फूट ठेवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. करवतीपासून हातभर पुढे नळीला बारीक भोक पाडून एक टोक त्यात बसवा. दुरुस्तीआधी आणि नंतर, तेच एक झडप उघडे ठेवून, पाण्याच्या दोन पातळ्यांतले अंतर लिहून ठेवा. अंतर चौपट झाले तर हवा दुप्पट झाली. मोजून झाले की भोक बुजवायला विसरू नका.

आणि एवढे करूनही खिडकीतल्या उन्हाच्या कवडशात धूळ नाचताना दिसली, तर दोष सांध्यांचा नाही, पिशवीच्या कापडाचा आहे. विरळ कापड जाडा भुसा धरते आणि बारीक धूळ पुन्हा खोलीत सोडते. अशा वेळी दाट विणीची पिशवी आणावी. किंवा यंत्र भिंतीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला, शेजाऱ्याच्या दारापासून दूर ठेवावे आणि बाहेरची नळी भिंतीतून नेताना तिच्याभोवतीची फटही लिंपून घ्यावी.