कुत्रा चावला तर



आज आपण एका साध्या गोष्टीचा विचार करू. गोष्ट साधी आहे, पण तिच्यात लेकराचा जीव आहे.

कर्जत आणि खालापूर हे आपले दोन तालुके. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे पाताळगंगा. डोंगराच्या पायथ्याला गावे आणि आडबाजूला ठाकूरवाड्या, कातकरवाड्या. यांत कुत्री नाहीत असे गाव सापडायचे नाही. कुत्रा हा आपला जुना सोबती. तो खळे राखतो, घर राखतो. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात. नामदेवमहाराजांची पोळी कुत्र्याने पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. तेव्हा कुत्र्याशी आपले वैर नाही.

पण मोकळा कुत्रा कधी तरी चावतो. आणि पुष्कळदा तो पोरालाच चावतो. मोठ्या माणसाला चावा पायाला बसतो. पोर उंचीने लहान, म्हणून त्याला तो तोंडाला, मानेला, हाताला बसतो. संशयी जनावर चावलेल्या दर १०० माणसांत सुमारे ४० मुले १५ वर्षांच्या आतली असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता समजा, अंगणात खेळणाऱ्या पोराला कुत्रा चावला. पोर रडतंय, माणसं जमली. एक म्हणतो, "जखमेत मिरची भरा, चुना लावा." दुसरा म्हणतो, "भगताकडं न्या, तो उतरवील." तिसरा काठी घेऊन धावतो, "आधी त्या कुत्र्याला मारा!" आजी म्हणते, "काय व्हतंय? जरासं खरचटलंय." चौघांच्याही मनात पोराची माया आहे. पण चौघांचे ऐकले तर पोराचा घात होईल. का, ते नीट समजून घेऊ.

कुत्रा पिसाळलेला असला, तर त्याच्या लाळेत एक रोगजंतू असतो. तो इतका बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. या रोगाला रेबीज म्हणतात. चाव्यातून लाळ जखमेत जाते. तिथून हा जंतू रक्तातून धावत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालू लागतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाच लागतो, तर कधी वर्षही जाते. चावा डोक्याजवळ असला, तर वाट जवळची होते. म्हणून तोंडाचा, मानेचा चावा फार वाईट.

जंतू मेंदूत पोचला, की रोग दिसू लागतो. ताप येतो. पाणी घशाखाली उतरत नाही. पाणी पाहिले तरी रोगी दचकतो. एकदा हे सुरू झाले, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. जगातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात त्यावर खात्रीचा इलाज नाही. पण त्याच्या आधी इलाज आहे, आणि तो खात्रीचा आहे. जंतू वाटेत आहे, तोवर लस टोचून मेंदूच्या वेशीवर पहारा बसवायचा. वेळ गाठली, तर पोर वाचते.

ही लस प्रथम फ्रान्समध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने दिली. १८८५ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी फोडले होते. त्याची आई त्याला घेऊन दूर पॅरिस शहरी पाश्चरकडे गेली. त्याला लशीच्या १३ सुया दिल्या. पोर वाचले आणि मोठे झाले. त्या माउलीने वाट पाहिली नाही, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत ही लस होत असे. ती मेंढीच्या मेंदूपासून करत. तिच्या सुया पोटात घ्याव्या लागत, त्याही चौदा-चौदा. म्हातारी माणसे अजून त्या सुयांचे नाव काढली तरी पोट धरतात. त्या भीतीने पुष्कळ जण दवाखान्याकडे फिरकतच नसत. पण मंडळी, ते दिवस गेले. २००४ सालच्या अखेरीस भारताने ती जुनी लस बनवणे थांबवले. आताची लस दंडात देतात. पोटात सुई नाही.

मग करायचे काय? पहिले काम घरीच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. नळ नसेल, तर एकाने तांब्याने पाणी ओतावे, दुसऱ्याने धुवावे. एक-दोन तांबे ओतून भागत नाही. १५ मिनिटे धुवायचे. चुलीवर भात शिजतो, जवळजवळ तेवढा वेळ. पोर रडेल, तरी धुवायचे. या धुण्याने पुष्कळसे जंतू जखमेतच मरतात आणि वाहून जातात. मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू यांतले काही लावू नका. त्याने जखम चिडते आणि जंतू आत ढकलला जातो. घट्ट फडके बांधू नका.

दुसरे काम, त्याच दिवशी दवाखाना. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. कशेळ्याला आणि चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तर तिथे जा. जखम मोठी असेल, तर १०८ या नंबरावर फोन करून गाडी बोलवा. भगताला नमस्कार करायचा असेल, तर मागाहून करा. आधी लस. रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लशीचा पहारा उभा राहायला थोडे दिवस लागतात. तोवर हे औषध जंतूला जखमेतच अडवते. एका दवाखान्यात ते नसेल, तर "कुठे मिळेल? चिठ्ठी लिहून द्या," असे विचारावे. विचारायला लाजू नये. धनुर्वाताच्या सुईचेही विचारावे.

रक्त आले नाही, नुसता ओरखडा आहे, तरीही जा. कुत्र्याचे पिल्लू चावले, तरी जा. घरचाच कुत्रा चावला, तरी जा.

तिसरे काम, लस पुरी करणे. सरकारी दवाखान्यात ती बहुधा चार वेळा देतात. पहिली सोमवारी दिली, तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी. आणि चौथी, पहिल्या दिवसापासून २८ दिवसांनी, म्हणजे पुन्हा सोमवारीच. इथेच आपले चुकते. जखम भरलेली असते, पोर खेळत असते. लावणीचे दिवस असतात, रोज बुडतो. आपण म्हणतो, "आता बरं झालंय, कशाला जायचं?" पण जखम बाहेरून भरते, जंतूची वाट आतून चालू असते. दवाखान्यातून कार्ड मिळते, त्यावर तारखा लिहिलेल्या असतात. आता आपल्याला वाचता येते. ते कार्ड डब्यात ठेवू नका. भिंतीला लावा आणि तारीख स्वतः वाचा.

आता त्या काठीवाल्याचे पाहू. कुत्र्याला मारून काय साधते? राग निघतो, पण खूण जाते. कुत्रा जिवंत असला, तर त्याच्यावर १० दिवस लांबून नजर ठेवता येते. दहा दिवस तो खातपीत राहिला, धड राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजते. मग पुढच्या सुयांचे डॉक्टर ठरवतील. पण या दहा दिवसांसाठी पहिली सुई थांबवायची नाही. कुत्रा आजारी पडला, मेला किंवा दिसेनासा झाला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

चावा झाला, की गावात भांडणही होते. "तुझा कुत्रा!" "तुझं पोर दगड मारतं!" भांडण उद्या करता येईल, पोराला आज न्या. ज्याचा कुत्रा आहे त्याने पोराच्या आईबापांबरोबर दवाखान्यात जावे. हीच माणुसकी. आणि कायदाही आहे. आपले जनावर सांभाळण्यात हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाने शिक्षा होते.

घरच्या कुत्र्याला दरसाल लस टोचा. जनावरांच्या दवाखान्यात ती मिळते. बेवारशी कुत्र्यांचे काय? गावातल्या दर १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात सरकार आणि सेवाभावी मंडळींनी वाडीवाडीत फिरून हे काम केले आणि कुत्र्यांमधला हा रोग पुष्कळच हटला. २०२३ च्या सरकारी नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लस हे काम ग्रामपंचायतीचे आणि नगरपरिषदेचे आहे. ग्रामसभेत उठून विचारा, "आपल्या गावात हे कधी होणार?" ठराव लिहून घ्या आणि तो वाचून पाहा. कोंबडीची घाण, उष्टे अन्न रस्त्याकडेला टाकू नका, टाकू देऊ नका. उकिरडा वाढला, की कुत्र्यांचा कळप वाढतो.

शेवटी, पोरांना दोन गोष्टी शिकवा. जेवणाऱ्या कुत्र्याला आणि पिलांच्या आईला डिवचू नये. कुत्रा अंगावर आला, तर पळू नये, झाडासारखे उभे राहावे. पडलोच, तर अंग मुडपून हातांनी मान आणि कान झाकावे.

आणि दोन गोष्टी आपण शिकू. पुष्कळ पोरे चावा लपवतात. "बा मारेल" ही भीती असते. म्हणून आज घरी गेल्यावर पोराला जवळ घ्या आणि सांगा, "कुत्रा चावला, ओरखडलं, तर लगेच येऊन सांग. आम्ही मारणार नाही." हे वचन पाळा. दुसरी गोष्ट म्हणजे मोरीत साबणाची वडी असू द्या. वेळ आली, तर पोराच्या जिवाचा पहिला राखणदार तीच आहे.