बाईचं गणित आणि बाईचा वेळ

(बिलोली इथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण जमलो की बहुतेक भाषणं शाळेच्या दारापाशी येऊन थांबतात. दार उघडलं, मुलगी आत गेली, पहिली आली, पदक मिळालं. टाळ्या होतात. त्यानंतरच्या 20-30 वर्षांत त्या मुलीचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. आज मी तेच विचारणार आहे, एका बाईंच्या निमित्तानं. त्यांचं नाव डॉ. मंगला नारळीकर.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. पण मंगलाताई स्वतः गणिती होत्या. माहेरच्या राजवाडे. जन्म मुंबईचा, 17 मे 1943 चा. 1962 साली त्या बी.ए. झाल्या, 1964 साली गणितात एम.ए. झाल्या. मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं. लगेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या संशोधनाला लागल्या. ही जागा साधी नव्हती. आपल्या देशात बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या संगणकांपैकी एक, टिफ्रॅक, 1960 साली याच संस्थेत तयार झाला होता.

मग लग्न झालं आणि त्या केंब्रिजला गेल्या. 1967 ते 1969 या काळात तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी गणित शिकवलं. 1972 साली कुटुंब मुंबईला परतलं. 1974 पासून संशोधन पुन्हा सुरू झालं. 1981 साली त्यांना संख्यासिद्धांतात पीएच.डी. मिळाली. पुढे 1989 पासून 2002 पर्यंत पुणे विद्यापीठात त्यांनी शिकवलं, पण तेही सलग नाही, अधूनमधून. 17 जुलै 2023 ला पुण्यात त्या गेल्या.

आता या तारखा जरा शेजारी शेजारी मांडा. एम.ए. 1964, पीएच.डी. 1981. मध्ये 17 वर्षं. सुवर्णपदक मिळवणाऱ्या बाईंना एवढा वेळ का लागला? उत्तर अवघड नाही. घर, तीन मुली, वडीलधारी माणसं, नवऱ्याच्या नोकरीप्रमाणे बदलणारं गाव. भारतीय विज्ञान अकादमीनं 2008 साली स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं एक पुस्तक काढलं. त्यात मंगलाताईंनी हे अगदी सरळ सांगितलं आहे. आपली गोष्ट म्हणजे आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांची गोष्ट, कारण आम्ही घर नेहमी कामाच्या आधी ठेवलं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी तक्रार केली नाही. ती त्यांची निवड होती, तिचा मान ठेवूया. पण त्यांनी तक्रार केली नाही म्हणून आपण प्रश्न विचारायचा नाही, असं होत नाही. संशोधनाची नोकरी कुणासाठी बेतलेली आहे? ज्याचा डबा दुसरं कुणी भरतं, ज्याचं लेकरू तापलं तर दुसरं कुणी जागतं, त्याच्यासाठी. मधे खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं 2002-03 मध्ये वेगळी योजना सुरू केली. तेव्हा मंगलाताई साठीला आल्या होत्या.

इथे मला अमेरिकेतली एक बाई आठवते, ग्रेस हॉपर. जन्म 1906 चा. 1934 साली त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात भरती झाल्या आणि 1944 पासून हार्वर्डच्या 'मार्क वन' या अवाढव्य गणनयंत्रावर काम करू लागल्या. त्या काळी यंत्राला हुकूम द्यायचा तो आकड्यांच्या भाषेत. तो मोजक्या तज्ज्ञांनाच यायचा. हॉपरबाई म्हणाल्या, माणसानं यंत्राची भाषा घोकण्यापेक्षा यंत्रालाच माणसाचे शब्द समजू द्यात. लोकांनी विश्वास ठेवला नाही. 1952 साली त्यांनी त्या दिशेनं पहिली आज्ञावली करून दाखवली. पुढे 1959 साली कोबोल ही संगणकभाषा आखायला घेतली गेली, तिच्या मुळाशी त्यांचंच काम होतं. बँकांचे हिशेब कितीतरी वर्षं त्या भाषेत चालले.

हॉपरबाईंनी यंत्राच्या बाबतीत जे केलं, तेच मंगलाताईंनी दुसरीतल्या लेकरासाठी करून पाहिलं. त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. 2019 साली दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं. केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला, थट्टा झाली, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. जुने शब्द काढलेले नव्हते. ज्या मुलाला ते जड जातात, त्याच्यासाठी दुसरी वाट दिली होती, एवढंच.

बिलोलीत हे मी समजावून सांगायला नको. मी या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. 'सत्तेचाळीस' म्हटलं की लेकरू आधी सात ऐकतं, मग चाळीस, आणि पाटीवर 74 लिहितं. ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांना तर आणखी कोडं पडतं. कारण तेलुगूत आधी चाळीस आणि मग सात: 'नलभै एडु'. जसं बोलायचं तसंच लिहायचं. वर आपली त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरं. शिकलेल्या घरातल्या मुलाला आई पाढे म्हणून घेते. जिची आई पहाटेच कामाला गेली, ती पोर 47 पाशीच अडते. मग तिला 'ढ' म्हणतात, आणि मुलगी असली की 'गणित पोरींना जमत नाही' हेही जोडलं जातं. इतक्या लहानशा जागी मुलगी गणितातून बाहेर पडते. संख्यासिद्धांतात पीएच.डी. केलेल्या बाईंना ही जागा दिसली, म्हणून मला त्या मोठ्या वाटतात. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' ही पुस्तकंही त्यांनी त्याच मायेनं लिहिली. आपल्या वाचनालयात ती असायला हवीत.

तेव्हा जाताना तीन गोष्टी घेऊन जा. आपल्या बचत गटाचं रजिस्टर कोण लिहितं ते बघा. बाया तोंडी हिशेब चोख करतात आणि वही मात्र कुणाच्या तरी नवऱ्याकडे असते. ती वही आपल्या हातात घ्या, चुकत चुकत का होईना, लिहा. दुसरं, दहावीनंतर ज्या पोरींनी गणित सोडलं त्यांच्या घरी जा आणि कारण विचारा. तालुक्याला जायला एसटी नव्हती, शिकवणीला पैसे नव्हते, की लग्न ठरलं होतं? कारणं लिहून काढा, ग्रामसभेत मांडा. तिसरं, लग्न आणि बाळंतपणानंतर जिला पुन्हा शिकायचं आहे तिला 'आता कशाला' असं म्हणू नका. सासू असाल तर रोजचे दोन तास तिला काढून द्या.

मंगलाताईंना 17 वर्षं लागली. त्या शिकलेल्या घरात होत्या, तरी लागली. आपल्या पोरींना किती लागतील याचा हिशेब आज आपण करायचा, आणि तो कमी कसा होईल ते ठरवूनच उठायचं.