विपणन व संपर्कविद्येच्या प्रवेशपरीक्षा आणि आपली मुले
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि पुढे काय करणार, असे त्यांस विचारण्याची आपली चाल आहे. उत्तरे ठरलेली असतात: डॉक्टर, इंजिनियर, पोलीस भरती. अलीकडे मात्र एक निराळे उत्तर कानी येऊ लागले आहे. सेलू, मानवत, गंगाखेड येथे कला वा वाणिज्य शाखेची पदवी घेणारी काही मुले, व त्यांतही विशेषतः मुली, 'मार्केटिंग आणि कम्युनिकेशन' शिकावयाचे म्हणतात. त्यावर घरातील वडील मंडळी विचारतात, "म्हणजे साबण विकणार काय?" प्रश्न उपहासाचा असला तरी रास्त आहे, आणि त्यास उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

माल चांगला असून भागत नाही. तो कोणास हवा, कशासाठी हवा आणि कोणत्या शब्दांत सांगितला असता त्याच्या मनास पटेल, हे जाणण्याची जी विद्या, तीच ही. आपल्या येथील कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. त्या विद्यापीठाने भेंडीचे एक वाण काढले. केवडा रोगास दाद न देणारे हे वाण केवळ एखाद्या आकड्याने ओळखले गेले असते, तर ते किती जणांच्या ध्यानात राहिले असते? त्यास 'परभणी क्रांती' असे नाव मिळाले, आणि ज्यांनी आपला जिल्हा जन्मात पाहिला नाही अशा परप्रांतीय शेतकऱ्यांच्या तोंडी तो जाऊन बसला. उलटपक्षी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हणही आपण ऐकतच आलो आहो. एका नावाने केलेली जाहिरात आणि एका म्हणीने केलेली, यांत जे अंतर आहे ते या विद्येचे क्षेत्र होय.

मराठी माणसास हे जमत नाही, ही समजूत तर सर्वथा निराधार आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत परळ येथे विको कंपनीचा प्रारंभ केला. त्यांच्या दंतमंजनाची जाहिरात चित्रपटगृहांतून व पुढे दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचली. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांस ती अद्याप तोंडपाठ असेल. शाळेतील कविता मात्र आठवणार नाही, आणि याचे शिक्षक म्हणून आम्हांस थोडे वाईटही वाटते. असो.

ए. जी. कृष्णमूर्ती यांनी १९८० साली अहमदाबादेत 'मुद्रा' ही जाहिरातसंस्था काढली आणि १९९१ साली तिच्यातूनच 'मायका' हे विद्यालय उभे राहिले. तेथील प्रवेशासाठी 'मायकॅट' ही स्वतंत्र परीक्षा असते. शिवाय कॅट, झॅट वा जीमॅट यांपैकी एकीचे गुणही लागतात. पुण्यास सिंबायोसिसची अशीच संस्था आहे. तिच्यासाठी 'स्नॅप' परीक्षा द्यावी लागते. या सर्वांस कोणत्याही शाखेची पदवी चालते, ही गोष्ट आपल्या ग्रामीण मुलांस कोणी सांगत नाही.

मायकॅटमध्ये गणित, इंग्रजी व सामान्यज्ञान आहेच. परंतु तिचे वैशिष्ट्य निराळे. एका भागात स्वभावाची चाचणी होते. तीत उत्तीर्ण न झाल्यास बाकीच्या उत्तरांस किंमत राहत नाही. पाठांतराचा तेथे काही उपयोग नाही. मनात आहे तेच लिहावे. दुसरा भाग लेखनाचा. एखाद्या मताच्या दोन्ही बाजू मांडावयाच्या, किंवा दिलेल्या चित्रांना गुंफून गोष्ट रचावयाची. समजा, बैलगाडी, मोडकी छत्री, रेल्वेचा फलाट आणि रिकामी खुर्ची अशी चित्रे आली. पुण्यामुंबईच्या मुलास बैलगाडी चित्रातच ठाऊक असते. आपल्या मुलीस ती ज्या घरापुढे उभी राहिली ते घर ठाऊक आहे. येथे ती उणी नाही. उणे आहे ते इंग्रजी, कारण लिहावयाचे इंग्रजीत. त्यावर शब्दांच्या याद्या घोकणे हा उपाय नव्हे. इंग्रजी दैनिकातील एक लेख रोज वाचावा, पान झाकावे आणि त्याचा आशय आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहावा. हे वर्षभर केले पाहिजे. परीक्षेपूर्वी महिनाभर करून काही साधत नाही.

राज्य शासनाची एमबीए सीईटी निराळ्या घाटाची आहे. तीत दोनशे प्रश्न व दीडशे मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रश्नास पंचेचाळीस सेकंद. पंचाहत्तर प्रश्न तर्काचे, पंचवीस आकृत्यांचे, पन्नास गणिताचे आणि पन्नास भाषेचे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. स्नॅपमध्ये मात्र वजा होतात, तेथे ही सवय नडेल. 'किंमत वीस टक्के वाढवून मग वीस टक्के सूट दिली, तर काय झाले?' यास कागद कशाला हवा? शंभराचे एकशेवीस, एकशेवीसचे शहाण्णव, चारांचा तोटा. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी पाठ होती, ते पंचेचाळीस सेकंदही घेते ना. पाढे पुन्हा पाठ करण्यात कमीपणा मानू नये.

निकालाविषयी एक खुलासा केला पाहिजे. निकालात येतो तो 'पर्सेंटाइल', टक्के नव्हेत. ऐंशी पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतील ऐंशी जण मागे व सुमारे वीस जण पुढे. परीक्षेस लक्षावधी मुले बसली तर हे पुढचे वीस म्हणजे हजारोंचा जथा होय. तेव्हा ऐंशी ऐकून पेढे वाटण्यापूर्वी, मागील वर्षी इच्छित संस्थेत कितीवर प्रवेश थांबला, हे पाहावे.

आता पैशाचे. मायकाचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर जाते. कोरडवाहू शेतीवर एवढे कर्ज काढावे, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज, सिडनहॅम या नामांकित संस्थांचे प्रवेश मात्र सीईटीच्या गुणांवर होतात, तेथेही विपणन शिकता येते आणि शुल्क पुष्कळ कमी आहे. शिवाय २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील मुलींस, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमास गेल्यावर शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. खाजगी व अभिमत विद्यापीठांस ही सवलत लागू नाही. 'पोरीच्या लग्नाचे की शिक्षणाचे?' हा ज्या घरांतील वाद आहे, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. तेथे शुल्कापुरता तरी तो वाद उरत नाही.

परंतु राखीव जागेसाठी जातपडताळणी लागते, आणि आपल्या मराठवाड्यात घोडे येथेच अडते. १९४८ पूर्वी आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचे महसुली व शाळेचे कितीतरी कागद उर्दूत आहेत. ते शोधणे, प्रमाणित नक्कल मिळविणे, भाषांतर करविणे यांत महिनेच्या महिने जातात, आणि परीक्षेत उत्तम गुण पडूनही केवळ या कागदापायी जागा हातची जाऊ शकते. ज्यांच्या घरी पदवीच्या पहिल्या वा दुसऱ्या वर्षास मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी येत्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात यावे. येताना वडिलांचा, आजोबांचा जो काही जुना कागद ट्रंकेत असेल तो, वाचता येवो वा न येवो, सोबत आणावा. उर्दू जाणणारे एक वृद्ध सद्गृहस्थ मदतीस येणार आहेत. आम्हीही सकाळी दहापासून तेथे बसू.