बॅटरीचा दोष कीं सांध्याचा?



वीज गेली, इन्व्हर्टरनें पांच-दहा मिनिटें दिवे सांभाळले आणि मग एक दीर्घ शीळ घालून तोही गप्प बसला, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना आला असेल. अशा वेळीं घरांतील कर्ता पुरुष अंधारांतच निकाल देतो, आणि तो निकाल ठरलेला असतो: "बॅटरी गेली." दुसऱ्या दिवशीं दुकानदार येतो, तोही मान डोलावतो, आणि हजारों रुपयांचें नवें धूड जिन्याखालीं येऊन बसतें. ह्या निकालावर अपील करण्यासाठीं मी आज बोलावयास बसलों आहें. माझें म्हणणें इतकेंच कीं, जिच्यावर ठपका येतो ती बॅटरी पुष्कळ वेळां निर्दोष असते. खरा गुन्हेगार तिच्या डोक्यावर, दोन बोटें रुंदीच्या सांध्यांत लपलेला असतो.

प्रथम ही पेटी काय आहे तें थोडक्यांत पाहूं. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून, पुन्हां पुन्हां भरतां येईल अशी पहिली बॅटरी तयार केली. त्यानंतर पत्र्यांच्या जागीं जाळ्या व नळ्या आल्या, परंतु मूळ कल्पना तीच राहिली. पेटीच्या पोटांत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारें २.१ व्होल्टांचा दाब देतो. म्हणून जिला आपण १२ व्होल्टांची बॅटरी म्हणतों ती पूर्ण भरलेली व स्वस्थ असतां १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. वीज देतांना पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें व आम्ल पातळ होतें. भरतांना ही क्रिया उलटते. भरणें संपत आलें कीं थोड्या पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व प्राणवायु निघून जातात. बॅटरींतील पाणी कमी होतें तें मुख्यतः ह्यामुळें. आणि ह्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषारही वर उडतात. त्या तुषारांकडे लक्ष असूं द्यावें. पुढची बरीचशी कथा त्यांचीच आहे.

आतां थोडें अंकगणित. आयुष्यभर हाच विषय शिकविला, तेव्हां मला एवढी मुभा असावी. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टांची. तिच्यावर ६०० वॉटांचा भार टाकला तर तारेंतून ३ अँपिअरांहूनही कमी प्रवाह वाहतो. तोच भार १२ व्होल्टांच्या बॅटरीवर टाकला कीं ६०० भागिले १२, म्हणजे ५० अँपिअर प्रवाह लागतो. इन्व्हर्टर स्वतः जें खातो तें धरलें तर त्याहून जास्तच. दिव्याची तार काडीएवढी बारीक आणि बॅटरीची केबल करंगळीएवढी जाड कां, याचें उत्तर ह्या भागाकारांत आहे.

ही जाड केबल जेथें बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला नटानें आवळलेली असते, तेथें गंजाचा पातळ थर बसला असें समजा. त्याचा विरोध एका ओहमाचा शंभरावा भाग धरूं. दिव्याच्या मार्गांत एवढा विरोध कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. येथें मात्र ५० गुणिले ०.०१, म्हणजे अर्धा व्होल्ट त्या सांध्यांतच जिरतो आणि २५ वॉटांची उष्णता तेथें निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातांतील डाग देण्याची लहान कांडी एवढ्याच शक्तीची असते. गंज वाढून विरोध दुप्पट झाला कीं एक पूर्ण व्होल्ट गेला आणि उष्णता ५० वॉटांवर पोंचली. तापण्या-निवण्यानें सांधा ढिला होतो, ढिल्या सांध्यांत विरोध वाढतो, आणि वाढलेला विरोध आणखी तापतो. शेवटीं केबलचें आवरण वितळतें. क्वचित् आगही लागते.

बॅटरी अगदीं रिती होऊं नये म्हणून इन्व्हर्टर साधारणपणें १०.५ व्होल्टांच्या आसपास दाब उतरला कीं आपण होऊन थांबतो. पण त्याला दाब दिसतो तो त्याच्या स्वतःच्या टोकाशीं. खुंटावर ११.५ असतांना त्याच्यापर्यंत १०.५ च पोंचले, तर बॅटरी रिकामी झाली असें समजून तो दार लावून घेतो. तोटी चोंदली म्हणून भरलेला हंडा रिकामा ठरवावा, तशांतला हा प्रकार. भरतांना तर याहून वाईट घडतें. सांध्यांत दाब जिरत असल्यामुळें इन्व्हर्टरला बॅटरी आहे त्याहून अधिक भरलेली भासते, आणि तो प्रवाह आधींच आटोपता घेऊं लागतो. भरण्यास वेळ अधिक लागतो. तेवढ्यांत पुन्हां वीज गेली कीं बॅटरी अर्धपोटींच कामाला जुंपली जाते. असें महिनोन् महिने चाललें म्हणजे पत्र्यांवरील सल्फेट कठीण होऊन बसतें व मग तें सहसा उलटत नाहीं. खोटा आरोप अशा रीतीनें वर्षभरांत खरा ठरतो!

ही केवळ खर्चाची गोष्ट नव्हे. माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. फुप्फुसांच्या विकारामुळें दिवसाचे पुष्कळ तास त्यांना हवेंतून प्राणवायु वेगळा काढून देणाऱ्या यंत्रावर काढावे लागतात. यंत्र सुमारें ३५० वॉटांचें. पण त्यांत हवा दाबणारा पंप असल्यामुळें सुरू होतांना क्षणभर तें कित्येक पट प्रवाह ओढतें. २०२३ च्या जूनमध्यें वादळी पावसांत वीज गेली. दिवे व पंखा इन्व्हर्टरवर सुरळीत चालले, यंत्र सुरू करतांच मात्र सारें बंद पडलें. घरांत प्राणवायूची लहान टांकी भरून ठेविलेली होती आणि सूनबाईंना ती जोडतां येत होती, म्हणून तो प्रसंग निभावला. दुकानदारानें बॅटरी मेल्याचें सांगितलें, नवी आली. पुढें सात महिने कुरकुर नव्हती, त्यामुळें दोष जुन्या बॅटरीचाच होता अशी सर्वांची खात्री झाली. आठव्या महिन्यांत पुन्हां तोच प्रकार!

ह्या वेळीं आलेला वायरमन तरुण पण विचारी होता. त्यानें घरांतले पंखे-दिवे इन्व्हर्टरवर लावले आणि धनखुंटाच्या कडीला बोट लावलें. बोट लगेच मागें आलें. मग मीटरनें मोजलें, तों खुंटाच्या शिशावर १२ व्होल्टांहून थोडा अधिक दाब आणि खुंटाला लागूनच असलेल्या केबलच्या कडीवर एका व्होल्टानें कमी. अंतर एका बोटाचेंही नाहीं! केबलचें आवरण चिरून पाहिलें तर आंतील तांबें वीतभर काळें पडलेलें. नवी बॅटरी बसवितांना जुनीच केबल, जुनीच कडी पुन्हां आवळलेली होती. नव्या खुंटावर ती घासून घट्ट बसली, म्हणून सात महिने बरें चाललें. नव्या केबलला कांहींशें रुपये लागले. जुनी बॅटरी दुकानदारानें केव्हांच बदल्यांत नेली होती, तेव्हां तिची फेरतपासणी आतां होणें नाहीं. मला मात्र तिच्याविषयीं फार संशय आहे.

हा गंज दिसतो कसा? शिशाच्या खुंटावर पांढुरकी पूड दिसली तर तें शिशाचें सल्फेट. निळसर-हिरवी दिसली तर तांब्यावर आम्लानें आपलें काम केलें आहे. तो मोरचुदाचाच प्रकार, जो आपल्याकडील द्राक्षबागाईतदार चुन्याबरोबर वेलींवर फवारतात. वर दिसणारी पूड त्यांतल्या त्यांत बरी, कारण ती निदान दिसते. वाईट तो गंज जो केबलच्या बारीक तारांमधून, कंदिलाच्या वातींत तेल चढावें तसा, आवरणाखालीं चढतो. केबल बोटांनीं वांकवून पाहावी. टोकाजवळ ती कडक किंवा फुगीर लागली तर तेवढा भाग कापून नवी कडी दाबून बसवावी, आणि तेथेंही तांबें काळें निघालें तर सबंध केबल बदलावी. मुंबईच्या व कोंकणच्या दमट, खाऱ्या हवेंत ही तपासणी अधिक वेळां करावी लागते.

दर वेळीं वायरमन बोलवावयास नको. घरीं साधा मल्टिमीटर असल्यास इन्व्हर्टरवर भार ठेवून त्याचें एक टोंक खुंटाच्या शिशावर व दुसरें केबलच्या कडीवर टेकवावें. दशांश व्होल्टाहून अधिक अंतर दिसलें तर सांधा साफ करण्याची वेळ आली. मीटर नसेल तर दोन्हीं सांधे हातानें चांचपावे. एक गार व एक उष्ण, ह्याहून स्पष्ट साक्ष ती कोणती?

साफ करण्यापूर्वीं इन्व्हर्टर बंद करून त्याचें भिंतींतील बटणही बंद करावें. अंगठ्या, बांगड्या, साखळ्या काढून ठेवाव्या. दोन खुंटांमध्यें धातूची वस्तु आडवी पडली तर ती क्षणांत लाल होते. प्रथम ऋणखुंटाची केबल सोडावी, मग धनखुंटाची; जोडतांना उलट क्रम. ह्या नियमाचें खरें कारण मोटारींत आहे. तेथें ऋण बाजू गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते व धनखुंटावरचा पाना सांगाड्याला लागला तर ठिणग्या उडतात. घरांतल्या बॅटरीला सांगाडा नाहीं, तरी सर्वत्र एकच संवय ठेवलेली बरी. मग कपभर पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दांतांच्या ब्रशानें खुंट व कडी घासावी. फेस येतो तो सोडा आम्ल मारीत असल्याचा. कप्प्यांचीं बुचें मात्र घट्ट लावलेलीं असावीं. सोडा आंत गेला तर आंतलें आम्लही तो मारील. नंतर ओल्या व मग कोरड्या फडक्यानें पुसावें, दोन्हीं पृष्ठभाग कांचकागदानें चकचकीत करावे, नट पक्का आवळावा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. कित्येकजण आधीं जेली लावून मग आवळतात. मला तें पसंत नाहीं. जेली आम्लाचे तुषार अडविण्यासाठीं आहे, तिची जागा बाहेर.

काम चालू असतां डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल डोळ्यांत गेलेंच तर निदान १५ मिनिटें स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टर गांठावा. डोळ्यांत सोडा घालूं नये.

पाण्याविषयीं थोडकेंच. बॅटरींत फक्त ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे दुकानांत डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळतें तें, खुणेपर्यंत घालावें. आर. ओ. यंत्राचें पाणी पिण्यास उत्तम, पण त्यांत क्षार उरलेले असतात. वातानुकूलकाच्या नळींतून ठिबकणारें पाणी बाटलींत जमविणारे काटकसरी लोक मीं पाहिले आहेत. त्यांत धूळ व धातूंचे अंश येतात. आणि आम्ल तर घरच्या माणसानें कधींच घालूं नये, कारण उडून जातें तें बहुतेक सारें पाणीच. खुणेच्या वर पाणी भरलें तर भरतांना तें आम्लासह बाहेर येतें आणि आपण नुकत्याच साफ केलेल्या सांध्यावर पसरतें.

अमेरिकेंत चाकांवरच्या फिरत्या घरांत राहणारे हौशी लोक इंजिनाची बॅटरी वेगळी व घराच्या दिव्या-पंख्यांची वेगळी ठेवतात. तेथें तर केबल गाडीच्या पोटाखालून जाते, आणि थंड प्रांतांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ तिच्यावर उडतें. आपलें दुखणें त्या मानानें सोपें. आपली केबल निदान डोळ्यांसमोर असते. अलीकडे आम्लाविना चालणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या आपल्याकडेही घरोघर येऊं लागल्या आहेत. त्यांना पाणी नको, तुषारांची भीति नाहीं, परंतु १२ व्होल्टांचें अंकगणित त्यांनाही चुकलेलें नाहीं. ढिला सांधा तेथेंही तापतो.

आतां ही तपासणी करावी केव्हां? वर्षांतून दोनदां केली तरी बहुतेक घरांना पुरे. एकदां मृगाच्या आधीं, कारण पावसाळ्याच्या तोंडीं वीज जावयाचीच; आणि दुसऱ्यांदां खंडेनवमीला. त्या दिवशीं आपण घरांतल्या हत्यारांबरोबर इन्व्हर्टरलाही हळदकुंकू वाहतों, तेव्हां त्याच्यापुढें बसणें होतेंच. झेंडूचीं फुलें मात्र बॅटरीच्या झांकणावर ठेवूं नयेत. तेथील भोकें वायु बाहेर जाण्यासाठीं आहेत. आणि निरांजन तिच्यापासून चांगलें दूर असावें. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं एक ठिणगी पुरते, व जिन्याखालच्या बंद कपाटांत तेवढा वायु सांचणें अशक्य नाहीं. त्या कपाटाच्या दाराला वर आणि खालीं चार-चार बोटांच्या फटी सुताराकडून पाडून घ्याव्या.