जादा डेटाची खरेदी

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

“गरजवंताला अक्कल नसते” ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं सावकार होता, कूळ होतें, आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठीं हात पसरण्याचा प्रसंग होता. आज शहरांतील सुशिक्षित गृहस्थाला सावकाराची ओटी चढावी लागत नाहीं. तरी पण त्या म्हणीची आठवण व्हावी असा एक लहानसा प्रसंग त्याच्या घरीं महिन्यांतून दोनचार वेळां येतो. हातांतील मोबाईलवर चालूं असलेलें चित्र मध्येंच थबकतें, चक्र फिरूं लागतें, आणि आजचा डेटा संपल्याचा संदेश येतो. त्या संदेशाच्या पाठोपाठ जादा डेटा विकत घेण्याचीं आमंत्रणें येतात. पुढील अर्ध्या मिनिटांत जो व्यवहार होतो त्यांत रक्कम लहान असते. परंतु घेणाऱ्यानें मापाचा, मुदतीचा आणि स्वतःच्या गरजेचा विचार जवळजवळ कधींच केलेला नसतो. या अर्ध्या मिनिटाच्या व्यवहाराचा थोडा सावकाशीनें विचार करणें हाच या भाषणाचा हेतु आहे.

पुण्यांतील एक मध्यम स्थितींतलें कुटुंब कल्पावें. घरांत आईवडील, कॉलेजांत जाणारा मुलगा, बारावी झालेली मुलगी आणि वृद्ध आजी. मुलीच्या प्रवेश-अर्जाचा तो शेवटचा दिवस. वेळ रात्रीं साडेनऊची. गुणपत्रिका, दाखला आणि छायाचित्र मिळून सुमारें ५ मेगाबाइटांचीं कागदपत्रें पाठवावयाचीं होतीं. मुदत मध्यरात्रीं संपणार, आणि नेमका त्याच वेळीं वडिलांच्या मोबाईलवरचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. वडिलांनीं घाईघाईनें, पडद्यावर जो सर्वांत ठळक दिसला तो, १० जीबींचा पॅक घेतला. अर्ज गेला, पोंच आली, सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळीं उठून पाहतात तों त्या पॅकची मुदत एका दिवसाची होती, आणि तो दिवस रात्रीं बारा वाजतांच सरला होता. ५ मेगाबाइटांचें काम झालें. उरलेला सारा डेटा वापरल्यावांचून गेला.

सकाळच्या चहाच्या वेळीं हा प्रकार आजींच्या कानीं गेला. त्या म्हणाल्या, “अरे, पीठ संपलें म्हणून रातोरात दुसरें आणलेंस तें बरें केलेंस, पण डब्याला भोक कुठें पडलें आहे, तें पाहिलेंस का?”

“आई, नेट संपलें कीं नवें घ्यायचें. त्यांत भोक कसलें पाहायचें?” मुलगा म्हणाला.

“मग रोज आणीत बस,” एवढेंच बोलून त्या देवपूजेला उठल्या.

आजींना मेगाबाइट ठाऊक नव्हतें, परंतु संसार ठाऊक होता. त्यांचा प्रश्न अगदीं बिनचूक होता. जादा डेटा घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न दुसरा. आहे तो डेटा जातो कोठें, हा पहिला.

याचें उत्तर मोबाईलमध्येंच असतें. कोणत्या ॲपनें किती डेटा वापरला याचा तक्ता त्याच्या सेटिंगमध्यें मिळतो. परंतु पासबुक न उघडतां बँकेंत जाणाऱ्या माणसाप्रमाणें बहुतेक लोक तो तक्ता कधीं उघडून पाहत नाहींत. या कुटुंबानें तो पाहिला, तेव्हां दोन गोष्टी उघडकीस आल्या. मुलगा आपला मोबाईल वडिलांच्या हॉटस्पॉटला जोडीत असे, आणि त्याच्या मोबाईलमधील सर्व छायाचित्रें व चलच्चित्रें आपोआप दूरच्या साठ्यांत चढत असत. शिवाय कुटुंबाच्या निरनिराळ्या गटांवर येणारीं सुप्रभाताचीं चित्रें आणि ध्वनिफिती कोणी उघडोत वा न उघडोत, आपोआप उतरून घेतल्या जात. म्हणजे ज्या डेटासाठीं रात्रीं धांवपळ झाली, तो कोणी वापरलाच नव्हता. तो गळून गेला होता.

आतां मापाची गोष्ट. एक जीबी म्हणजे स्थूलमानानें एक हजार मेगाबाइट. एवढ्यानें कसलाच बोध होत नाहीं. म्हणून कामाच्या भाषेंत सांगणें बरें. साध्या आवाजाचें संभाषण सेकंदाला ६४ किलोबिट या वेगानें गेलें, तर मिनिटाला अर्धा मेगाबाइटसुद्धां लागत नाहीं. तासभर बोललें तरी तीस मेगाबाइटांच्या आंत काम भागतें. उलट चित्रपट पाहतांना सेकंदाला १ मेगाबिट वेग धरला, तर तासाला ४५० मेगाबाइट लागतात. आणि तोच चित्रपट अधिक रेखीव दिसावा म्हणून ५ मेगाबिट वेगानें घेतला, तर तासाला सव्वादोन जीबी खर्च होतात. चित्रपट तोच, तास तोच, तळहाताएवढा पडदाहि तोच. खर्च मात्र पांचपट. चित्राचा दर्जा एक पायरी खालीं आणण्याची सोय बहुतेक ॲपांत असते. ही एक कळ फिरविल्यानें जितका डेटा वांचतो, तितका दहा काटकसरींनीं वांचत नाहीं.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अनेक योजनांत दिवसाचा वांटा संपला म्हणून जोडणी तुटत नाहीं; वेग तेवढा उतरतो, आणि बहुधा तो सेकंदाला ६४ किलोबिटांवर येतो. ६४ किलोबिट म्हणजे ८ किलोबाइट. या मंद वेगानें ५ मेगाबाइटांचीं कागदपत्रें पाठवावयास सव्वासहाशें सेकंद, म्हणजे साडेदहा मिनिटें लागतील. चित्रपट या वेगानें दिसणार नाहीं हें खरें, आणि अर्ज भरावयाचें एखादें संकेतस्थळ तितका वेळ वाट पाहणार नाहीं हेंहि खरें. परंतु चार ओळींचा निरोप किंवा साधें पत्र त्यावरून सहज जाईल. तेव्हां संदेश येतांच घाबरून पैसे मोजण्यापूर्वीं, हातांतलें काम या मंद वेगावर निभावेल काय, एवढा विचार करावयास हरकत नाहीं.

इतकें करूनहि जादा डेटा लागतोच असे प्रसंग येतात, आणि ते खोटे नसतात. परीक्षा असते, मुलाखत असते, परगांवीं मुक्काम असतो, घरचें वाय-फाय बंद पडतें. अशा वेळीं जो पॅक घ्यावयाचा त्याचे स्थूलमानानें दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत डेटा मूळ योजनेच्या मुदतीपर्यंत टिकतो; आज एक जीबी घेतला आणि आज पावच वापरला, तर पाऊण पुढें उपयोगीं पडतो. दुसऱ्या प्रकाराला स्वतःची मुदत असते: कोठें एक तास, कोठें एक दिवस, कोठें आठवडा किंवा महिना. या दुसऱ्या प्रकारांत जीबीचा आकडा मोठा व किंमत थोडी दिसते, आणि तेथेंच माणूस फसतो. कांहीं पॅकांतील एक दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत. तो त्याच रात्रीं बाराला संपतो. रात्रीं साडेनऊला घेतलेला असा पॅक अडीच तासांचाच असतो. तिसरी एक अट ध्यानांत ठेवावी. पुष्कळ पॅक मूळ योजना चालूं असेल तरच चालतात. मूळ योजनाच संपली असेल, तर जादा डेटा घेऊनहि कांहीं उपयोग होत नाहीं. म्हणून किंमत पाहण्याआधीं मुदत पाहावी, मुदत पाहण्याआधीं गरज पाहावी, आणि गरज भागेल असा सर्वांत लहान पॅक घ्यावा.

जादा डेटा वारंवार लागत असेल, तर हिशेब निराळा करावा लागतो. समजा, २८ दिवसांच्या योजनेंत रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी मिळतात; आणि रोज २ जीबी देणाऱ्या दुसऱ्या योजनेंत ५६ जीबी मिळतात. दोहोंच्या किंमतींत ५० रुपयांचा फरक आहे असें धरूं. एका जीबीचा जादा पॅक २० रुपयांना पडतो असें मानलें, तर २८ दिवसांत दोनदां पॅक घेणाऱ्याचे ४० रुपये जातात. त्यानें लहान योजनेंतच राहावें. सहा वेळां घेणाऱ्याचे १२० रुपये जातात; त्यानें मोठी योजना घ्यावी. येथील रुपये केवळ समजुतीपुरते आहेत; रीत मात्र कोठल्याहि दरांना लागू पडते. महिन्यांत किती वेळां पॅक घेतला, एवढी एक नोंद ठेवली कीं हा निर्णय शाळकरी मूलहि करील.

याच ठिकाणीं २८ दिवसांच्या महिन्याचा उल्लेख केला पाहिजे. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांत २८ दिवसांचे महिने बारा नव्हे, तेरा बसतात. जो गृहस्थ वर्षाच्या अंदाजपत्रकांत बारा रिचार्ज धरतो, त्याला तेरावा रिचार्ज अधिक मासाप्रमाणें भेटतो; फरक इतकाच, कीं हा अधिक मास दर वर्षीं येतो. याविषयीं ग्राहकांच्या तक्रारी झाल्या, आणि १९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें जानेवारी २०२२ मध्यें कंपन्यांना असें बंधन घातलें, कीं प्रत्येकीनें निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्यास त्याच तारखेला नवी करतां येईल अशी ठेवावी. ती योजना जाहिरातींत पुढें नसली तरी यादींत असते, शोधणाऱ्याला सांपडते.

प्राधिकरणानें ग्राहकाच्या हातीं आणखीहि साधनें दिलीं आहेत. २०१५ च्या नियमांनीं, डेटाचा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापर झाला कीं तसा संदेश ग्राहकाला पाठविण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. यांतील पहिला संदेश दुपारीं बाराच्या आंत आला, तर रात्रीं काय होणार हें ओळखावयास ज्योतिषाची गरज नाहीं. परंतु हे संदेश बहुधा जाहिरातींच्या गर्दींत न वाचतांच पुसले जातात. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें प्राधिकरणानें असाहि नियम केला, कीं ज्यांना डेटा मुळींच नको, त्यांच्यासाठीं केवळ बोलणें आणि संदेश यांचें निराळें व्हाउचर ठेवावें. आणि अशा विशेष व्हाउचरांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. २०२५ च्या आरंभीं असे पॅक बाजारांत आले. वर सांगितलेल्या घरांत आजींचा साधा, कळा असलेला मोबाईल होता. त्या मोबाईलवर कित्येक महिने डेटासकट योजना भरली जात होती, आणि तिचा एक थेंबहि कोणाच्या उपयोगीं पडत नव्हता. एका मोबाईलचा डेटा असा वायां जात असतां त्याच घरांत दुसऱ्या मोबाईलसाठीं रात्रीं जादा डेटा घेतला जावा, ही गोष्ट आपापल्या घरीं ताडून पाहण्यासारखी आहे.

डेटाविषयींची ही बेफिकिरी कोठून आली, हेंहि समजून घेतलें पाहिजे. भारतांत मोबाईलवरून पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्यें झालें. त्या काळीं बोलण्याचा प्रत्येक मिनिट मोजून घ्यावा लागे, आणि येणाऱ्या संभाषणालाहि पैसे पडत. डेटाची स्थितिहि पुष्कळ वर्षें तशीच होती. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०१४ साली एका जीबीला सरासरीनें सुमारें २६९ रुपये पडत. त्या दरानें एक जीबी घेणारा माणूस छायाचित्र उतरून घेतांना दोनदां विचार करी. सप्टेंबर २०१६ मध्यें नव्या कंपनीच्या आगमनानें दरांची जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यामुळें कांहीं वर्षांतच तो दर १० रुपयांच्या आसपास आला. वस्तु स्वस्त झाली कीं तिचें माप विसरलें जातें. नळाला चोवीस तास पाणी आल्यावर बादल्या भरून ठेवण्याची संवय मोडते तसेंच हें. पुढें २०२१ च्या अखेरीस आणि जुलै २०२४ मध्यें कंपन्यांनीं दर वाढविले. संवय मात्र स्वस्ताईच्या दिवसांतलीच राहिली. जादा डेटाच्या पॅकांवर आज जे पैसे जातात, त्यांतील पुष्कळसे या संवयीचे आहेत.

म्हणून जादा डेटा घेणें हा दोष नव्हे. त्या रात्रीं मुलीचा अर्ज जाणें हेंच महत्त्वाचें होतें, आणि त्यासाठीं वडिलांनीं याहून अधिक पैसे मोजले असते तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. दोष असलाच तर घाईचा. आणि घाई टाळण्याचा उपाय घाईच्या क्षणीं सुचत नसतो, तो आदल्या दिवशीं करून ठेवावा लागतो. अर्ज भरणें, परीक्षेची फी भरणें, तिकीट काढणें यांसारखीं कामें ज्या दिवशीं असतील, त्या दिवशीं सकाळीं प्रथम तीं उरकावीं आणि करमणूक नंतर ठेवावी. घरांत दोन मोबाईल दोन निरनिराळ्या कंपन्यांचे असतील, तर एकाचा डेटा संपल्यावर दुसऱ्याचा हॉटस्पॉट घेतां येतो, हें घरांतील प्रत्येकाला शिकवून ठेवावें. मुदतीपर्यंत टिकणारा एखादा लहान पॅक अडीअडचणीसाठीं आधींच घेऊन ठेवणेंहि गैर नाहीं. डब्यांत मूठभर साखर राखून ठेवणारी गृहिणी याहून वेगळें कांहीं करीत नाहीं.

त्या कुटुंबानें आपोआप होणारें चढविणें-उतरविणें फक्त वाय-फायपुरतें ठेवलें, चित्राचा दर्जा एक पायरीनें उतरविला, आणि आजींच्या मोबाईलसाठीं केवळ बोलण्याचें व्हाउचर भरलें. पुढच्या महिन्यांत जादा पॅक एकदांच घ्यावा लागला, तोहि मुलगी प्रवेशासाठीं मुंबईस गेली तेव्हां. पॅक घेण्यापूर्वीं तिनें दूरध्वनि करून वडिलांना विचारलें, “बाबा, मला दोन दिवसांपुरता लागेल. मुदत कुठली घेऊं?”

हा प्रश्न आधीं विचारला गेला, एवढ्यानेंच त्या खरेदींतील निम्मी चूक टळली होती.