गाणं कुणाच्या नावावर?

(कळंब, जि. यवतमाळ येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणातून)



सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं, हे आपण नेहमी बोलतो. आज गाण्यावरच्या नावाबद्दल बोलते.

आत्ता भजन झालं. शेवटची गवळण कुणाची, असं विचारलं तर सगळ्या हसल्या. ती रचलीय इथंच बसलेल्या एका काकूंनी. गावात मात्र ती 'मंडळाची' म्हणून चालते.

जर्मनीतली फॅनी मेंडेल्सन (1805–1847) अशीच. तिचा भाऊ फेलिक्स मोठा संगीतकार. वडिलांनी तिला लिहिलं होतं की संगीत हा त्याचा व्यवसाय होईल, तुझा मात्र दागिनाच राहील. तिची काही गाणी भावाच्या नावानं छापली गेली. 1842 साली व्हिक्टोरिया राणीनं त्याच्यापुढे त्यातलंच एक आवडीनं म्हटलं, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की हे बहिणीचं. भाऊ दुष्ट नव्हता हो, बहिणीवर त्याचा जीव होता. पण तिनं छापावं हे काही त्याला पटत नव्हतं! स्वतःच्या नावानं पहिला संग्रह काढायला तिला 1846 उजाडलं. पुढच्याच वर्षी ती गेली.

आपल्याकडे ख्यालाच्या बंदिशीत रचणाऱ्याची मुद्रा असते. सदारंग म्हणजे नियामत खाँ, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ. बंदिशीत बोलते ती मात्र बरेचदा बाई, सासू-नणंदेच्या धाकातली, वाट बघणारी. तोंड बाईचं, शब्द पुरुषाचे.

म्हणून डॉ. प्रभा अत्रे (1932–2024) मला महत्त्वाच्या वाटतात. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, हिराबाई बडोदेकरांच्या शिष्या. मारुबिहाग, कलावतीतल्या त्यांच्या स्वतःच्या बंदिशी रसिकांच्या तोंडी बसल्या. पण त्या नुसतं गाऊन थांबल्या नाहीत. 'स्वरांगिणी', 'स्वररंजनी' अशी बंदिशींची पुस्तकं काढली. कागदावर आलं की उद्या कुणी 'पारंपरिक' म्हणून खपवू शकत नाही. किशोरी आमोणकरांनीही (1932–2017) बंदिशी रचल्या, 'दृष्टी' चित्रपटाला संगीत दिलं.

काकूंना म्हटलं, वहीत गवळणीखाली नाव लिहा. त्या म्हणाल्या, "कोणतं लिहू बाई, माहेरचं का सासरचं?" फॅनीपुढेही हेन्झेल आणि मेंडेल्सन अशी दोन आडनावं होती. संग्रहावर तिनं दोन्ही घातली. काकूंनी आपलं आपण ठरवावं. वही मी आणलीय, चहा झाला की बसू.