मोतीबिंदूची मोजदाद



वर्धा जिल्ह्यात मोतीबिंदूने अंध झालेले वृद्ध किती, हे इस्पितळाच्या नोंदवहीवरून ठरत नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण वहीत येतो तो तेथवर पोहोचलेला रुग्ण. मजुरी बुडवून सोबत येणारे कोणी नाही म्हणून आष्टी-कारंजाकडची जी म्हातारी ओसरीवरच बसून राहते, ती वहीबाहेर उरते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यागत गावे निवडून, पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची दृष्टी घरोघर तपासावी लागते. कुलूप दिसले तर पुन्हा जावे लागते. शेतावर गेलेले डोळस सुटले की आकडा उगाच फुगतो.

खरी मेख व्याख्येत आहे. २०१७ पर्यंत ६/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणजे अंधत्व, अशी सरकारी व्याख्या होती; त्यानंतर जागतिक मापाशी जुळवून ३/६० ही रेघ आली. २००६-०७ मध्ये देशात अंधत्वाचे प्रमाण १ टक्का होते, २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ निघाले. पन्नाशीपुढे ते १.९९ टक्के, आणि त्यातले सुमारे दोन-तृतीयांश मोतीबिंदूमुळे. शस्त्रक्रियांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण काही घट नुसती रेघ सरकल्याची आहे. चार मीटरवरची बोटे जेमतेम मोजणारी, निंदणाला जाणारी बाई आता अंधांत धरली जात नाही. पऱ्हाटी कोणती नि तण कोणते, हे तिला आजही दिसत नाही.